दार कोणी उघडले?

२० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी महाडच्या चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले, हे शाळेतल्या मुलालाही ठाऊक असते. त्यानंतर काही तासांत काय घडले ते मात्र कमी जणांना माहीत असते. परिषदेला आलेली काही माणसे जेवत होती, काही गावाकडे परतायला निघाली होती. आता हे लोक वीरेश्वराच्या देवळात शिरणार, अशी आवई उठली आणि जमावाने त्यांच्यावर हल्ला केला. बायका, मुले, म्हातारी माणसे वाट फुटेल तिकडे पळाली. त्यातल्या अनेकांना महाडच्या मुसलमानांच्या घरांत आसरा मिळाला. त्याच वर्षी डिसेंबरात दुसरी परिषद भरवायची ठरली तेव्हा मंडपासाठी जागा कोणी देईना. फत्तेखान नावाच्या मुसलमान गृहस्थाने आपली जागा दिली. २५ डिसेंबरचे मनुस्मृती दहन त्या परिषदेत झाले.

महाडकडचे आम्ही मुसलमान ही हकीकत अभिमानाने सांगतो, आणि सांगायलाच हवी. पण सांगताना 'मुसलमानांनी आसरा दिला' एवढे म्हणतो आणि पुढे जातो. मला तिथे थांबायचे आहे. त्या दिवशी घरात कोण होते? पळत आलेल्या बाईला बघून कडी कोणी काढली? तिच्या मुलांना आतल्या खोलीत कोणी बसवले, पाणी कोणी दिले, आणि बाहेर आरडाओरडा चालू असताना दार पुन्हा कोणी लावून घेतले? आपल्या घरांची रीत ज्याला माहीत आहे त्याला उत्तरासाठी लांब जावे लागणार नाही. फत्तेखानांचे नाव इतिहासात आले. दार उघडणाऱ्या बायकांपैकी एकीचेही नाव आपल्या आठवणीत राहिले नाही.

दलित स्त्रियांच्या बाबतीतही एके काळी असेच होते. आंबेडकरी चळवळीचा इतिहास म्हणजे पुरुष पुढाऱ्यांचा इतिहास, असा समज होता. ऊर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांनी तो मोडला. चळवळीत वावरलेल्या वृद्ध बायकांना त्या घरोघर जाऊन भेटल्या, जुनी वर्तमानपत्रे चाळली, आणि १९८९ साली 'आम्हीही इतिहास घडवला' हे पुस्तक आले. दोघींपैकी कोणी विद्यापीठात प्राध्यापक नव्हत्या. ऊर्मिलाताई सरकारी नोकरी सांभाळून हे करत होत्या. आज त्या पुस्तकाशिवाय त्या काळाचा अभ्यास पुरा होत नाही. त्या दोघींनी वेळेवर विचारले म्हणून त्या बायका बोलल्या आणि बोललेले टिकले.

असे काम महाड आणि पोलादपूर तालुक्यांतल्या मुस्लिम मुलींनी करावे, आणि हौस म्हणून न करता रीतसर पदव्युत्तर शिक्षण घेऊन, पीएच.डी.पर्यंत जाऊन करावे, असे माझे म्हणणे आहे. त्यासाठी स्त्री अभ्यास नावाचा विषय आहे. आपल्या घरांत तो फारसा कोणाला माहीत नाही, म्हणून थोडे सांगतो.

१९७४ हे वर्ष या विषयासाठी महत्त्वाचे. भारतातल्या स्त्रियांच्या स्थितीवर केंद्र सरकारने नेमलेल्या समितीचा अहवाल त्या वर्षी आला. स्वातंत्र्यानंतर बायकांचे सगळे ठीक चालले आहे, हा समज त्या अहवालातल्या आकड्यांनी खोटा ठरवला. त्याच वर्षी मुंबईच्या एस.एन.डी.टी. महिला विद्यापीठात नीरा देसाई यांच्या पुढाकाराने स्त्री अभ्यासाचे संशोधन केंद्र सुरू झाले. १९८७ साली पुणे विद्यापीठात असे केंद्र निघाले. आज ते क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले यांच्या नावाने ओळखले जाते. शर्मिला रेगे यांनी तिथे बसून जात वगळून बाईचा प्रश्न समजत नाही, हे आयुष्यभर मांडले. २०१३ साली त्या गेल्या, पण त्यांच्या हाताखाली शिकलेल्या मुली आज ठिकठिकाणी शिकवत आहेत. मुंबईत टाटा सामाजिक विज्ञान संस्थेतही हा विषय शिकवला जातो.

विषय नावावरून वाटतो तेवढा अरुंद नाही. बाईच्या कामाला किंमत का नसते, जमीन कोणाच्या नावावर जाते, कायदा घरात येतो तेव्हा त्याचे काय होते, हे प्रश्न त्यात येतात. पुरुषही येतात. आपल्याकडे बारावी झाली की पोराच्या पासपोर्टची तयारी सुरू होते. एकोणीस-वीस वर्षांचा मुलगा कुवेत नाहीतर दमामला जातो, पुढची पंचवीस वर्षे सुटीपुरता घरी येतो आणि आपल्या मुलांना पाहुणा वाटतो. 'कमावता मुलगा' या शब्दाने त्याच्या आयुष्याचे काय केले, हाही जेंडर अभ्यासाचाच प्रश्न आहे.

आता आपल्या दोन तालुक्यांत अभ्यासाला काय आहे ते बघा. मुलींना विषय सुचत नाही, अशी तक्रार मी ऐकतो. मला तर विषयांवरून चालताना ठेच लागते.

पहिला विषय निकाहच्या रजिस्टरचा. गावोगावच्या जमातींकडे ही रजिस्टरे असतात. नवरा-नवरीचे नाव, वकील, साक्षीदार आणि मेहरची रक्कम त्यांत असते. एकाच गावातल्या साठ-सत्तर वर्षांच्या मेहरच्या रकमा एकाखाली एक लिहून काढा. पुढे विचारा की यातली किती मेहर खरोखर बाईच्या हातात पडली आणि किती 'माफ' झाली, आणि ती माफ करताना ती कोणत्या अवस्थेत होती. निकाहच्या रजिस्टरात न लिहिलेली ही दुसरी बाजू फक्त बायकांच्या तोंडून कळेल.

दुसरा विषय सातबाराचा. १९३७ च्या शरियत कायद्याने वारसा, निकाह, मेहर, वक्फ अशा बाबतींत रूढी बाजूला सारून शरियत लागू केली. पण त्याच कायद्याच्या दुसऱ्या कलमात शेतजमिनीचा प्रश्न वगळलेला आहे. आपल्याकडची मालमत्ता म्हणजे मुख्यतः भाताची खाचरे आणि वरकस जमीन. मग गेल्या ऐंशी-नव्वद वर्षांत आपल्या गावांतल्या वारसनोंदी कोणत्या नियमाने झाल्या? किती फेरफारांत मुलींची नावे लागली, किती ठिकाणी हक्कसोडपत्र झाले, आणि त्या कागदावर सही करणाऱ्या बहिणीला भावाने काय सांगितले होते? 'माहेर तुटायला नको' या तीन शब्दांपुढे सूरह निसामध्ये ठरवून दिलेला हिस्सा किती वेळा हरला, हे तलाठ्याच्या दप्तरात आणि फुफीच्या आठवणीत मिळून सापडेल. दोन्हीकडे जाणारी मुलगी हवी.

तिसरा विषय मागे राहिलेल्या बायकांचा. नवरा आखातात किंवा मुंबईत, आणि इथे घरबांधणी, शेताचे मजूर, मुलांच्या शाळा, सासऱ्याचे आजारपण, बँक आणि ग्रामपंचायत हे सगळे तिच्या अंगावर. कारभार तिचा आणि सही मात्र दुसऱ्याची. अशा घराची प्रमुख कोण, हा प्रश्न शिरगणतीच्या फॉर्मपासून जमातीच्या वर्गणीपर्यंत सगळीकडे अडतो.

चौथा विषय आपत्तीचा. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री सावित्रीवरचा पूल वाहून गेला. २४ ऑगस्ट २०२० ला महाडमध्ये पाच मजली इमारत कोसळली. २२ जुलै २०२१ ला महाड पाण्याखाली गेले, तळीयेवर दरड कोसळली, पोलादपूर तालुक्यातही वस्त्या दरडीखाली गेल्या. बातम्या आल्या, पंचनामे झाले. चिखलाने भरलेली घरे महिनोन्‌महिने कोणी धुतली, कागदपत्रे वाहून गेलेल्या विधवेने मदतीसाठी कोणाकोणाच्या दारात चकरा मारल्या, पडदा पाळणारी बाई निवाऱ्याच्या शाळेत चार दिवस कशी राहिली, हे अजून सविस्तर लिहून व्हायचे आहे.

हे आपल्याच मुलींनी का लिहावे? दुसऱ्या कोणी लिहू नये, असे मी म्हणत नाही. जो नीट अभ्यास करील त्याचे स्वागत आहे. पण मुस्लिम बाई चर्चेत कधी येते ते आठवा. १९८५ ला शाहबानो, २०१७ ला शायरा बानो, २०१९ ला तलाकचा नवा कायदा. तलाक सोडून तिला दुसरे आयुष्य असते, हे टीव्हीवरच्या चर्चा बघून कोणाला वाटणार नाही. एका बाजूने तिची दया करणारे बोलतात, दुसऱ्या बाजूने तिचे रक्षण करणारे बोलतात, आणि दोन्ही बाजूंच्या हातात महाड-पोलादपूरच्या बाईबद्दल एक पानभर माहिती नसते. माहिती नसली की ज्याचा आवाज मोठा त्याचे खरे होते.

फातिमा शेख यांचे उदाहरण ताजे आहे. २०२५ च्या जानेवारीत कोणीतरी समाजमाध्यमावर लिहिले की फातिमा नावाची शिक्षिका कधी नव्हतीच, ते पात्र बनवलेले आहे. केवढा गदारोळ झाला. त्याला उत्तर म्हणून जो लिखित पुरावा लोकांनी पुढे केला तो सावित्रीबाईंनी १० ऑक्टोबर १८५६ ला जोतिरावांना लिहिलेल्या पत्रातला फातिमाचा उल्लेख. तोही सावित्रीबाईंनी लिहिला आणि त्यांची पत्रे जपली गेली म्हणून आज आपल्या हाताशी आहे. आपल्या बाजूने आपण काय जपले? जयंतीचे फलक लावायला आपण पुढे असतो, पण कागद जपायला कोणी नसते.

घरातल्या मुलीला आणखी एक गोष्ट मिळते. बाहेरून आलेल्या संशोधकाला ओटीवर चहा मिळतो. माजघरात काय चालते ते तिथपर्यंत जाणारीलाच कळते. तिला खालाची कोकणी बोली समजते, नानीच्या वहीतली उर्दू वाचता येते आणि तहसील कचेरीतली मराठीही वाचता येते. तीन भाषांच्या मधे वाढणे हे आपल्या मुलींना ओझे वाटते. संशोधनात तेच भांडवल आहे.

आता हरकती. मी जमातीच्या बैठकांना बसतो. तिथे बायका नसतात, त्यामुळे या हरकती मोकळेपणाने बोलल्या जातात.

पहिली हरकत दीनची. हा विषय पश्चिमेकडून आला, यात गेलेली मुलगी दीनपासून लांब जाते. माझे उत्तर असे की बायकांचे काम शोधून लिहून ठेवणे आपल्याकडे परके कधी नव्हते. हजरत आयेशा (रजि.) यांच्याकडून दोन हजारांहून अधिक हदीस आपल्यापर्यंत आल्या आणि मोठमोठे सहाबी त्यांना मसले विचारायला येत. आपल्या काळातले बघायचे तर जौनपूरकडचे, नदव्यात शिकलेले आलिम मोहम्मद अक्रम नदवी यांनी हदीस शिकलेल्या आणि शिकवलेल्या बायकांची नावे गोळा करायला घेतली. थोडीशी नावे मिळतील, असे त्यांना वाटले होते. ती हजारोंनी मिळाली आणि २०२१ साली त्यांचा अरबी ग्रंथ ४३ खंडांत प्रसिद्ध झाला. शोधेपर्यंत आलिमांनाही वाटत होते की अशा बायका बोटांवर मोजण्याइतक्या असतील. नदव्याच्या आलिमाने केलेले हे काम दीनमध्ये बसते, तर आपल्या पोरीने केलेले का बसू नये?

दुसरी हरकत घर मोडण्याची. अशा मुली हक्काच्या गोष्टी करतात आणि घरात भांडणे लागतात. यावर मला जास्त बोलायचे नाही. जो हिस्सा कुरआनने दिला तो मागितल्याने भांडण लागत असेल, तर ते मागणाऱ्यामुळे लागत नाही. आपल्याच राज्यातले उदाहरण आहे. १९८२ साली जळगावात मुस्लिम बायकांनी सिनेमाला जाऊ नये, अशी बंदी घातली गेली तेव्हा रझिया पटेल नावाच्या तरुण मुलीने तिच्या विरोधात उभे राहण्याचे धाडस केले. पुढे त्या पुण्याच्या भारतीय शिक्षण संस्थेत संशोधनात गेल्या आणि मुस्लिमांच्या शिक्षणावर वर्षानुवर्षे काम केले. ज्या मुलीला आपण बंडखोर म्हणून बाजूला टाकतो, तिच्याकडूनच पुढे समाजाला अहवाल आणि आकडेवारी मिळते.

तिसरी हरकत पोटाची आणि लग्नाची, आणि ती खरी आहे. डॉक्टर झालेली मुलगी दवाखाना काढते, बी.एड. झालेली शाळेत लागते. स्त्री अभ्यासात पीएच.डी. झालेलीने काय करायचे? विद्यापीठांतल्या केंद्रांत कायम पदे थोडी आणि कंत्राटी काम बरेच, हे मुलीला आधीच सांगायला हवे. म्हणून माझा सल्ला असा की पीएच.डी. स्त्री अभ्यासाच्या केंद्रातूनच व्हायला हवी असे नाही. इतिहास, समाजशास्त्र, मराठी, उर्दू, अर्थशास्त्र यांपैकी कोणत्याही विभागातून बायकांवर संशोधन करता येते आणि त्या विषयाच्या प्राध्यापकपदाचा रस्ता मोकळा राहतो. महाडच्या डॉ. बाबासाहेब आंबेडकर महाविद्यालयात पदवी घेणाऱ्या मुलीने पहिल्या वर्षापासून हा हिशेब डोळ्यांसमोर ठेवावा. ज्यांना घर सोडणे शक्य नाही त्यांना इग्नूमधून दूरशिक्षणाने महिला आणि जेंडर अभ्यासात एम.ए. करता येते.

नियमांतही बायकांसाठी काही सवलती आहेत, त्या आपल्या मुलींना कोणी सांगत नाही. २०२२ च्या यूजीसी नियमांनुसार पीएच.डी.ची मुदत कमीत कमी तीन आणि जास्तीत जास्त सहा वर्षे आहे. स्त्रियांना त्यावर आणखी दोन वर्षे मिळू शकतात, आणि बाळंतपण व मुलांच्या संगोपनासाठी २४० दिवसांपर्यंत रजा मिळते. म्हणजे लग्न झाले की शिक्षण संपले, असे नियम म्हणत नाही. ते आपण म्हणतो.

खरी अडचण पैशाची आहे, आणि ती अलीकडे वाढली आहे. अल्पसंख्याक समाजातल्या संशोधक विद्यार्थ्यांसाठी मौलाना आझाद राष्ट्रीय फेलोशिप २००९-१० पासून होती. डिसेंबर २०२२ मध्ये केंद्र सरकारने लोकसभेत सांगितले की २०२२-२३ पासून ती बंद. इतर योजनांचा लाभ या विद्यार्थ्यांना मिळतोच, असे कारण दिले गेले. राहिली नेटमधून मिळणारी जेआरएफ. महिना ३७,००० रुपये, पण ती मोजक्यांच्या वाट्याला येते. स्त्री अभ्यासाची नेटची प्रश्नपत्रिका हिंदी आणि इंग्रजीत असते, आणि आपली मुलगी दहावीपर्यंत उर्दूत आणि पुढे मराठीत शिकलेली असते. बार्टी, सारथी, महाज्योती या संस्था आपापल्या समाजघटकांतल्या संशोधकांना फेलोशिप देतात. अल्पसंख्याकांसाठी अशीच संस्था काढायला राज्य मंत्रिमंडळाने २०२४ मध्ये मंजुरी दिली. त्या संस्थेने पीएच.डी. करणाऱ्या मुलींना आधी हात द्यावा, ही मागणी आपण लावून धरली पाहिजे. २०२१-२२ च्या उच्च शिक्षण सर्वेक्षणात देशातल्या मुस्लिम विद्यार्थ्यांत मुली जवळपास निम्म्या आहेत. मुली पदवीपर्यंत येऊन उभ्या आहेत. पुढचा जिना काढून घेतला गेला आहे.

सरकारकडे मागायचे ते मागूच. पण आपल्या हातात काय आहे? आपल्या गावांच्या जमाती मुंबईत, आखातात, दक्षिण आफ्रिकेपर्यंत पसरल्या आहेत. मशिदीच्या मिनारासाठी, कमानीसाठी, हॉलसाठी वर्गणी जमते आणि लवकर जमते. मेडिकल-इंजिनियरिंगच्या मुलांना मदत देणारेही पुष्कळ आहेत, अल्लाह त्यांना बरकत देवो. त्यात एक भर घाला. दोन तालुक्यांतल्या जमातींनी मिळून दर वर्षी एका मुलीचा संशोधनाचा खर्च उचलावा. पुण्या-मुंबईच्या वसतिगृहाचे भाडे, पुस्तके आणि फिरती. कोकण रेल्वे महाडला शिवत नाही, वीर स्टेशन गाठावे लागते. पुण्याकडचा वरंध घाट पावसाळ्यात अनेकदा बंद असतो. मुलीला एकटीला पाठवायला घरचे घाबरतात ते या रस्त्यांमुळेही. दोघी-तिघी बरोबर जातील, राहतील, अशी सोय केली तर अर्धा विरोध तिथेच मावळतो.

दुसरे काम पैशाचेही नाही. जमातीच्या कपाटातली निकाहची जुनी रजिस्टरे उघडा. वाळवी लागण्याआधी त्यांचे फोटो काढून ठेवा आणि अभ्यास करणाऱ्या मुलीला बसून बघू द्या. खासगी गोष्टींची नावे झाकून लिहायची शिस्त संशोधनात शिकवतात, त्यामुळे अब्रूची भीती बाळगायचे कारण नाही. तिला जे सापडेल ते सगळे आपल्याला आवडेल असे नाही. हक्कसोडपत्रांचे आकडे आले तर आपल्यातल्या बऱ्याच जणांना खाली बघावे लागेल. तरीही ते आपल्याच मुलीने काढलेले असावेत. ती आपल्याला ओळखते, आणि उद्या सुधारणा करायची झाली तर ती इथेच असेल.

२०२७ साली चवदार तळ्याच्या सत्याग्रहाची शताब्दी येते. त्या वर्षी महाडमध्ये देशभरातून माणसे येतील, भाषणे होतील, आणि त्यांत फत्तेखानांचा उल्लेखही होईल. १९२७ ला घरात असलेल्या बायका आता राहिल्या नाहीत. त्यांच्या मांडीवर बसून ऐकलेल्या नाती आज सत्तर-ऐंशीच्या आहेत. एखाद्या घरात अजून सांगत असतील की आमच्या दादीने त्या दिवशी चार जणींना कोठीच्या खोलीत बसवले होते. एखाद्या घरात उलटेही सांगत असतील, की आमच्याकडे दार उघडले नाही. दोन्ही लिहून घ्यायला हवे. मोहल्ल्यात एम.ए. झालेली एखादी मुलगी असेल, तर तिला या आठवड्यात वही आणि फोनवरचा रेकॉर्डर घेऊन त्या नानीकडे पाठवा. गाइड, नोंदणी, फेलोशिप हे मागून होईल. नानीला थांबता येणार नाही.